सात माना, एक सोनार

तापीमायची आण, सारंगखेड्याच्या दत्ताची आण, आणि तेवढ्यानं भागत नसेल तर माझ्या तोंडात उरलेल्या चार दाढांची आण! आता जे सांगते ते अक्षर न् अक्षर खरं आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं आत्ताच उठावं. मागे एक जावईबापू मधेच म्हणाले होते, "असं कुठं असतं का आजी?" त्याच दिवशी त्यांना कुत्रं चावलं. कुत्रं माझं नव्हतं, हेही खरं.

तर सरलाबाई. भूपेंद्रभाई पाटलांची बायको. तापीकाठचं गुजरांचं घर, केळी आहे, पपई आहे, कापूस आहे, थोडा ऊस आहे. वय एकोणपन्नास. बाईनं आयुष्यात कधी कोणापुढे मान खाली घातली नाही, आणि शेवटी त्या मानेनंच तिला खाली घातलं. पण असं पुढचं आधी सांगत नसतात.

सुरुवात झाली ती पाळीपासून. आधी पाळी कशी कॅलेंडर बघून यायची. मग ती वस्तीच्या एसटीसारखी झाली. दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि मग एकामागे एक दोन. त्यात अंगातून वाफा. आमच्याकडे घोड्यांची यात्रा भरते तेव्हा नदीवरून असं वारं सुटतं की घोड्यांच्या पाठीवरसुद्धा गोधड्या टाकतात. त्या थंडीत सरलाबाईचा पंखा पाचवर.

"सरला," भूपेंद्रभाई गोधडीतून म्हणायचे, "मी मरी ऱ्हायनू वं थंडीमा."

"मरा. पन बटनले हात लावू नका."

शेजारच्या शोभाबाईनं त्या दिवसांत उडदाचे पापड केले होते. ढगाळ हवा, पापड वाळेनात. शोभाबाई गप्पा मारायला आली ती सूप घेऊनच, आणि सरलाबाईच्या पाठीमागे टेकवून बसली. चहा संपेस्तोवर पापड कडक. मी त्यातले दोन खाल्ले. मीठ जरा कमी होतं.

कमरेभोवती वळ्या चढल्या. हातपाय होते तसेच, सगळं मधेच साचलं. ब्लाऊज होईना, तर बाईनं टेलरला धरलं, की कापड मारलं म्हणून. टेलर गरीब माणूस. तो म्हणाला, "काकू, कापड तेच, माप तेच. मधलं मानूस बदलनं." एवढं बोलल्यावर त्या घरचं शिवण त्याला कसं मिळणार? मिळालं नाही. इथंच खरं तर सरलाबाईनं सावध व्हायला हवं होतं. स्वतःच्या अंगातलं काही बदललं की ती दुसऱ्याच्या हातात खोट शोधायची. पण असं कोणाला स्वतःबद्दल कळतं? मला तरी कळलंय का?

आणि चार वाजता गोड लागायचं. साधं नाही, जीव जाईल असं. आता सरलाबाईला कोणीतरी मोबाईलवर दाखवलं होतं की साखर म्हणजे विष. तिनं साखर त्या दिवसापासून बंद केली. मोठा त्याग! चहात साखर नाही, शिऱ्यात साखर नाही. सगळं घरच्या उसाच्या गुळात. "दुकाननी साखर म्हंजे केमिकल. आम्हना गूळ म्हंजे आम्हनं वावर," असं ती म्हणायची. चार वाजता गूळ-शेंगदाण्याचे दोन लाडू, वर घरची तीन केळी, कारण घरचं केळं अंगाला लागत नाही असा आमच्याकडे शोध लागलेला आहे. मग बसल्या जागी डुलकी. हातात वाटी तशीच.

संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. सून हेमांगीनं मोबाईलवर व्हिडिओ काढला. संध्याकाळी सगळे बघत बसले. एका जागी सरलाबाई पाठमोरी, वाकून तिळगूळ वाटतेय, आणि मानेवर हा काळा पट्टा! जसं कढईचं बूड. मखमलीसारखं जाड, घड्याघड्यांचं, कडेला बारीक चामखिळी. व्हिडिओ तिथंच थांबला. म्हणजे थांबवला.

"कोन शे ती?" भूपेंद्रभाई म्हणाले.

नवऱ्यांना असे प्रश्न कुठून सुचतात देव जाणे.

हेमांगी हळूच म्हणाली, "मम्मी, एकदा दवाखान्यात दाखवू या का?"

"मळले डॉक्टर लागस का?" सरलाबाई कडाडली. "साबन लागस."

सून बरोबर बोलली होती. पण सून बरोबर बोलली, एवढंच कारण पुरतं न ऐकायला. आम्ही सगळ्या सासवा त्याच शाळेतल्या.

मग शोभाबाईचा सल्ला. शोभाबाईकडे प्रत्येक दुखण्याचे तीन उपाय असतात, आणि तिन्ही शेजारणीवर करून बघायचे असतात. पहिला उपाय बेसन-लिंबू. आठ दिवस मानेवर भजी तळायची तेवढी बाकी होती. काळं तसंच. दुसरा, वज्री. टाचा घासायचा तो दगड मानेवर! मान लाल झाली, मग काळ्यावर लाल अशी निखाऱ्यासारखी दिसू लागली. तिसरा उपाय कच्च्या पपईचा चीक. "पपई कातडी नवी करस," शोभाबाई म्हणाली. कातडी नवी झाली नाही, जुनी होती ती भाजली. सरलाबाईला पंधरा दिवस मान वळवता येईना. कोणी हाक मारली तरी बघायची नाही, सरळ चालायची, दाराच्या चौकटीसारखी. गावात बोलणं झालं, की भूपेंद्रभाईच्या केळीला भाव लागला वाटतं, बाईला गर्व चढला.

आणि तेव्हा, मलम लावता लावता, शोभाबाई सहज बोलली.

"सरलाबेन, राग येऊ देऊ नको. पन जठे तुन्ही पोत घासाई ऱ्हायनी ना, तठेच काळं शे. सोनामा पितळ व्हई ना, तं मान काळी पडस."

बघा, काय वाक्य असतं. काडी ओढायला जितका वेळ लागतो तितकासुद्धा नाही लागला.

आता ती पोत. आमच्याकडे मंगळसूत्राला पोत म्हणतात. सरलाबाईची आई गेली तेव्हा तिच्या दोन पाटल्या सरलाबाईच्या वाटणीला आल्या. त्या आटवून गावातल्या धुडकू सोनारानं ही पोत घडवली होती. आणि काळे मणी ओवले होते धुडकूच्या बायकोनं, मंगलाबाईनं.

मंगलाबाई कोण ते नीट ऐका, कारण सगळं तिच्यावर आहे. सरलाबाई आणि मंगलाबाई एका गावच्या लेकी. जात वेगळी, घर वेगळं, पण माहेरचं गाव एक, आणि लग्न होऊन आल्या त्या एकाच गावात, एकाच उन्हाळ्यात. खानदेशात माहेरच्या गावची पोर म्हणजे बहीण. पाठच्या बहिणीपेक्षा जवळची, कारण तिला तुमच्या आईच्या हाताची चव माहीत असते. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी एका जीपमध्ये बसून माहेरी जायच्या, एका झोक्यावर बसायच्या, आणि परत येताना एकीच्या डब्यातली गोड सांजोरी दुसरीनं खायची. एकतीस वर्षं. धुडकूला सरलाबाई 'पाव्हना' म्हणायची आणि मनसोक्त टोमणे मारायची, आणि तो खाली बघून हसायचा. पोत ओवायला मंगलाबाई तीन दुपारी बसली होती. मजुरी देऊ केली तर म्हणाली, "बहीनपाशीन मजुरी लिसू का मी? खुळी."

आता मला सांगा, अशा बाईला जाऊन विचारायला काय लागतं? "मंगले, ही मान दख वं, काय जायं?" चपला घालायच्या, चार घरं ओलांडायची. दोन मिनिटांचं काम. सरलाबाई दोनदा निघालीसुद्धा. एकदा दारापर्यंत गेली. आतून मंगलाबाईचा आवाज आला, "कोन शे?" आणि सरलाबाई परत फिरली. विचारलं आणि खरंच पितळ निघालं तर? आणि विचारलं आणि नाही निघालं तर? दोन्हीकडून नाकच जात होतं. म्हणून तिनं विचारलं नाही, नुसतं शोभाबाईला सांगितलं, की कोणाला सांगू नको.

शोभाबाईनं कोणाला सांगितलं नाही. फक्त बचत गटाच्या बैठकीत विषय काढला.

बैठकीत चौदा बायका. एकेकीनं पदर बाजूला केला, अंबाडा वर धरला. आणि माय वं, सात माना काळ्या! कोणाची कमी, कोणाची जास्त, पण सात. आणि सातही पोती धुडकूच्या हातच्या.

"सात म्हंजे काय योगायोग शे का?" शोभाबाई म्हणाली. तिची स्वतःची त्या सातांत होती, त्यामुळे आवाजाला धार आली होती.

गावात सोनार एकच आहे, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. सातही जणी पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मधल्या, सातही जणींची कंबर सुटलेली, सातही जणी चार वाजता गूळ शोधत फिरायच्या, हेही नाही. तरण्या सुनांच्या माना स्वच्छ होत्या. हेमांगीनं तेवढं बोलून दाखवलं. पण त्याचंही उत्तर तयार होतं.

"त्यासनं सोनं शहादानं शे," शोभाबाई म्हणाली. झालं.

प्रकरण गेलं तंटामुक्ती समितीकडे. अध्यक्ष रामसिंगभाऊ. भला माणूस, पण नियमाचा. त्यानं अर्जाचा नमुना काढला. नमुन्यात तंट्याचे प्रकार छापलेले: बांधाचा, पाण्याचा, भाऊबंदकीचा, गुरांचा. मानेचा नाही.

"गुरं लिहू का?" शिपाई म्हणाला.

"मी काय गाय शे का?" सरलाबाई म्हणाली.

शेवटी 'इतर' मध्ये घातलं. मग पुरावा जोडा. पुरावा म्हणजे मान. मान तोडून जोडता येत नाही, म्हणून फोटो. रामसिंगभाऊ म्हणाला, "फोटोत तक्रारदाराचा चेहरा पाहिजे, नाहीतर कोणाचीही मान कोणीही लावेल." आता चेहरा पुढे आणि काळं मागे, एका फोटोत दोन्ही कसे यायचे? झेरॉक्सवाल्यानं बाईला पाठमोरं उभं केलं आणि खांद्यावरून वळून बघायला लावलं. पपईनं भाजलेली मान. अर्धीच वळली. डोळे मात्र पूर्ण वळले. फोटो असा आला की बाई कोणाची तरी म्हैस चोरून पळतेय आणि मागे बघतेय. त्याच्या तीन प्रती. एक प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, खाली टाचणीनं नाव: सौ. सरलाबाई भूपेंद्र पाटील, तक्रार, इतर.

फळ्यावरचा फोटो पोरांनी मोबाईलवर घेतला. भूपेंद्रभाईंच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. तिथं कोणीतरी हात जोडलेली खूण टाकली, मग सगळ्यांनीच टाकली, दोघांनी तर श्रद्धांजली वाहिली. भूपेंद्रभाई दोन दिवस वावरातच जेवले.

अर्ज मागे घ्यावा असं सरलाबाईला तेव्हा वाटलं होतं. हे मला माहीत आहे. पण फळ्यावर फोटो लागल्यावर माणूस मागे फिरत नाही. आता खरं ठरायलाच पाहिजे असं होऊन बसतं.

सोमवारी सकाळी पंचायतीच्या ओट्यावर सगळे जमले. धुडकू आला. साठीचा माणूस, काडीसारखा, चष्म्याला दोरी बांधलेली. कसोटीचा दगड आणला होता. मागे मंगलाबाई, पदर डोक्यावरून, कोणाकडे न बघता.

धुडकू म्हणाला, "सरलाबाई, दगडवर कस दखाडस. दोन मिनिटमा समजी जाई."

पाव्हना कधी तिला सरलाबाई म्हणत नव्हता. 'पाटलीन' म्हणायचा. ते 'सरलाबाई' तिला लागलं, आणि लागलं म्हणून ती जास्त ताठ झाली.

"दगड वरनं सोनं दखाडस," ती म्हणाली. "मजार, पोटमा काय शे ते?"

बायका हूं म्हणाल्या. सहा जणी एकदम.

धुडकूनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मंग आटवू?"

कोणी नाही म्हटलं नाही. सगळे सरलाबाईकडे बघत होते. ती म्हणाली, "आटवा."

त्यानं पोरगं पाठवून दुकानातून शेगडी मागवली, सोनं वितळवायची मूस मागवली, फुंकणी मागवली. पण आधी मणी उतरवायला पाहिजेत. पोत ज्यानं ओवली त्यालाच तिची गाठ माहीत असते. मंगलाबाई पुढे आली. सरलाबाईनं मान वाकवली, तेवढी वाकत होती तेवढी, आणि मंगलाबाईनं तिच्या मानेमागून पोत काढली. काढताना ती क्षणभर थांबली. बोटं त्या काळ्या पट्ट्यावर होती. ती काहीतरी बोलणार असं सरलाबाईला वाटलं. ती खाली बसली, मांडीवर पदर पसरला, आणि दातांनी दोरा तोडला. मणी पदरात सांडले. एकही खाली गेला नाही.

सोनं आटलं. सरलाबाईच्या आईच्या पाटल्या दुसऱ्यांदा आटल्या. धुडकूनं त्याची लगड केली, घासली, कस घेतला, रामसिंगभाऊला दाखवला. तेवढ्यानं नको म्हणून रामसिंगभाऊनं शहाद्याला मशीनवर माणूस पाठवला. तिथं म्हणे आधार पाहिजे, मग म्हणे सर्व्हर बंद, मग जेवणाची सुट्टी. ऊन डोक्यावर आलं तरी कोणी घरी गेलं नाही. चार वाजता माणूस चिठ्ठी घेऊन आला. सोनं बावीस कॅरेट. जेवढं सांगितलं होतं तेवढं. वर एक केसभर जास्तच.

आणि समोर सरलाबाई उभी. पोत नाही, आणि मान तशीच्या तशी काळी.

सहा जणींनी आपापले अंबाडे खाली सोडले. शोभाबाई म्हणाली, "मी तं पहिलेच सांगं व्हतं, धुडकूभाऊ तसा मानूस नई शे."

आता सरलाबाईनं काय बोलायचं होतं हे तुम्हाला कळतं, मला कळतं, फळ्यावरच्या त्या फोटोलासुद्धा कळत असेल. तिच्या तोंडातून निघालं, "बरं जायं. शंका फिटनी."

धुडकूनं लगड कागदात बांधली, तिच्या हातात दिली, शेगडी उचलली आणि गेला. मंगलाबाईनं मण्यांची पुरचुंडी ओट्याच्या कडेला ठेवली, हातात नाही दिली, आणि तीही गेली.

त्यानंतर धुडकू दुकान उघडायचा, पण गिऱ्हाईक आलं की आधी म्हणायचा, "मान दखाड, बाई. आज कशी शे ते वहीमा मांडी ठेवू दे." लोक हसायचे. तो हसायचा नाही. आणि हळूहळू लोकांनीही हसायचं सोडलं.

आखाजी आली. सरलाबाईनं सांजोऱ्या केल्या, दुप्पट केल्या. जीपच्या स्टॉपवर जाऊन उभी राहिली. एक जीप सोडली, दुसरी सोडली. जीपवाला म्हणाला, "मावशी, मंगलाबाई तं कालदिनच गई." माहेरी झोक्यावर ती एकटी बसली. पाटीच्या एका टोकाला एकच माणूस बसलं की झोका तिरपा जातो. दोनदा जाऊन आला आणि खांबाला लागला. गावच्या पोरी हसल्या, सरलाबाईही हसली, आणि लगेच उतरली. सांजोऱ्या तिनंच खाल्ल्या. सगळ्या. रडू आलं की बाई गोड खाते, आणि गोड खाल्लं की तिच्या अंगात काय होत होतं ते तिला अजून माहीत नव्हतं.

ते सांगितलं रोशनीनं. रोशनी उपकेंद्रातली नर्स. उन्हाळ्यात तिनं तपासणी ठेवली, आणि हेमांगी सासूला जवळजवळ ढकलत घेऊन गेली. तिथंही आधी बोटाचा ठसा. सरलाबाईचा अंगठा मशीन घेईना. इतकी वर्षं कापूस वेचून, भांडी घासून रेघा गेलेल्या. मशीन म्हणे, व्यक्ती आढळली नाही. "बरोबर शे," सरलाबाई म्हणाली, "मलेबी नई सापडी ऱ्हायनी." शेवटी डोळ्यावर चालवून घेतलं.

रोशनीनं कमरेला टेप लावला, बोटातून रक्त घेतलं, मग म्हणाली, "काकू, जरा मान बघू."

सरलाबाईनं दोन्ही हातांनी पदर धरला. "नई. मान नई."

"काकू, तो मळ नाहीये. मला माहितीये तो काय आहे." आणि पदर हळूच बाजूला केला. "किती दिवस झाले?"

"तू फोटो नई दखा का?"

"बघितला," रोशनी म्हणाली. मग समजावू लागली. पोरगी शेतकऱ्याचीच, म्हणून तिला सांगता येत होतं. "तुमच्या वावराला पाटाचं पाणी येतं ना? चारीचं दार उघडलं की पाणी आत. आपल्या अंगात साखर म्हणजे पाणी, आणि इन्सुलिन म्हणजे दार उघडणारा माणूस. तुमची दारं गंजलीत. तो ठोकतो, उघडत नाही. मग अंग म्हणतं, आणखी माणसं पाठवा. इन्सुलिन वाढत जातं, साखर बाहेर तुंबते, पोटावर चरबी चढते, आणि ते जास्तीचं इन्सुलिन मानेवर असं काळं, जाड करतं. याला इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. आणि पाळी जायच्या काळात बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं, तेव्हा दारं जास्तच अडकतात. वाफा, झोप नाही, कंबर, गोड खावंसं वाटणं, सगळं त्याच घरातलं."

सरलाबाई ऐकत राहिली. मग अभिमानानं म्हणाली, "पन मी साखर कव्हयनी बंद करी टाकी. फक्त घरना गूळ."

रोशनीनं पेन खाली ठेवलं. "किती?"

"दोन लाडू. आनि केळं. तीन. घरनं शे ना."

रोशनीनं पेन परत उचलून तेवढं लिहून घेतलं. मग म्हणाली, "काकू, अंगाला सातबारा वाचता येत नाही."

तीन महिन्यांची साखर बघायला रक्त ग्रामीण रुग्णालयात गेलं. सहा पूर्णांक दोन. काठावर. अजून पडलेली नाही, पण पाय घसरतोय. रोज चालायचं, जेवणात भाकरी कमी आणि डाळ-भाजी जास्त, गूळ बंद, झोप पुरी. वजन हललं की मानसुद्धा हळूहळू उजळते म्हणाली. गोळीचं डॉक्टर सांगतील.

"आनि बाकीन्या सहा जनी?" सरलाबाईनं विचारलं.

"पाठवा. अशा माना मी रोज बघते, काकू. कोणी दाखवतच नाही. आधी फेअरनेस क्रीम लावतात, मग घासतात." थांबून म्हणाली, "सोनाराला धरणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

घरी येताना सरलाबाई खाली बघत चालली. हेमांगीला वाटलं साखरेची धास्ती घेतली. तसं नव्हतं. तिच्या डोळ्यापुढे दोरा तोडणारे दात होते. तिच्या स्वतःच्या अंगातली दारं अडकली होती, आणि तिनं ठोकलं दुसऱ्याच्या दारावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. चार घरं. धुडकू शहाद्याला गेला होता, हे तिनं आधी बघून ठेवलं होतं, खोटं कशाला बोलू. मंगलाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"ये," ती म्हणाली. 'ये वं' नाही. नुसतं ये.

सरलाबाई पायरीवर बसली. रात्रभर पाठ केलेलं सगळं एका दमात सांगितलं. इन्सुलिन, पाट, चारी, गंजलेली दारं, सहा पूर्णांक दोन. माफी कर असं म्हणायचं होतं ते मधेच कुठंतरी, दारं आणि पाट यांच्यामध्ये, बारीक आवाजात म्हणून टाकलं. मग म्हणाली, "पितळ नव्हतं, मंगला. मीच व्हतू."

मंगलाबाईनं सूप खाली ठेवलं. पदर काढला. अंबाडा एका हातानं वर धरला आणि पाठ केली.

काळी. सरलाबाईपेक्षा काळी. जाड, घड्यांची, कडेला तशाच चामखिळी.

"पाच वरीस जायात," मंगलाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "मन्ही तं पोतबी नई मानमा. सोनानी पोत पेटीमा शे, गळामा नुसता दोरा. तू इचारी तं लेती, सरले. मी दखाडती तुले. एकदाव इचारी तं लेती."

आणि मग ती वळली, आणि सरलाबाईचं तोंड बघून खो खो हसायला लागली. सरलाबाईही हसायला लागली. दोघी काळ्या मानांच्या म्हाताऱ्या, ओट्यावर, एकमेकींच्या खांद्यावर पडून, तांदूळ सांडेपर्यंत हसल्या. बिनसाखरेचा चहा झाला. संध्याकाळी दोघी नदीपर्यंत चालत गेल्या, वजन कमी करायला. झालं. अशी गोष्ट. अक्षर न् अक्षर खरी.

...

असं बघू नका माझ्याकडे. बरं. एक सोडून.

ते हसणं माझं आहे. ते मी घातलं. त्याच्यामागून चहा आणि नदी आपोआप आली. हसण्याशिवाय गोष्ट सांगवत नाही, म्हणून घातलं. मंगलाबाई हसली नाही. तिनं मान दाखवली, "इचारी तं लेती" म्हणाली, पदर परत नीट घेतला, आणि म्हणाली, "बस तू. दूध उतू जाई ऱ्हायनं." आणि आत गेली.

सरलाबाई पायरीवर बसून राहिली. बराच वेळ बसली. आतून दुधाचा वास काही आला नाही.